नवलावरचं वार्निश

फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांचा व्हिडिओ वर्षातून दोन-तीनदा आमच्या भागातल्या प्रत्येक मोबाईलवर येऊन जातो. जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल तालुक्यात उतावळी नदीच्या काठी हे गाव आहे. तिथल्या जुन्या मशिदीचा एक मनोरा हलवला की दुसराही हलतो, अशी त्यांची ख्याती. व्हिडिओखालची ओळ ठरलेली असते: ‘विज्ञानालाही न उलगडलेलं कोडं.’ या वेळीही तो आला आणि ठरलेलं भांडण जुंपलं. एक बाजू म्हणाली, पूर्वजांकडे जी विद्या होती ती आज साऱ्या जगाकडे नाही. दुसरी म्हणाली, हलणारी इमारत म्हणजे कच्चं बांधकाम, त्याचं कौतुक कसलं. तालुक्यातले रस्ते धड नाहीत, त्यावर बोला. दोन दिवस हे चाललं. तेवढ्यात ‘तो हलतो कशानं?’ हा प्रश्न एकानंही विचारला नाही. दोनपैकी एक मनोरा केव्हाच कोसळला आहे, आता ती जोडीच उरलेली नाही, हेही कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

मी याच जिल्ह्यात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून हा वाद मला जास्त लागतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. जुन्या वास्तू, निसर्गातली नवलं, भिंतींवरची चित्रं यांच्याबद्दल ‘कुणालाच उलगडलेलं नाही’ असं सांगत फिरणं म्हणजे त्यांचं नुकसान करणं होय. कारण सांगितलं की नवल ओसरतं, हा समज मी वर्षानुवर्षं वर्गात खोटा ठरताना पाहिला आहे. उलट एकदा ‘गूढ’ म्हटलं की माणूस निवांत होतो. पुढे बघायचं, मोजायचं, विचारायचं कारणच उरत नाही. आणि ‘त्यात काय विशेष’ म्हणणारा तर आधीपासूनच निवांत असतो. दोघं एकमेकांशी कितीही भांडोत, मनोऱ्याकडे पाठ दोघांनीही फिरवलेली असते.

उंच, बारीक मनोऱ्याला झोपाळ्यासारखी स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका रेटा देत गेलं की झोका वाढत जातो. भलत्या वेळी कितीही जोर लावा, तो अडखळतो. मनोऱ्याच्या माथ्यावर उभा राहून त्याच्या लयीत अंग टाकत राहिलं की प्रत्येक रेटा आधीच्या रेट्यात मिळतो आणि विटा-चुन्याची ती जड वस्तू डोळ्यांना दिसेल इतकी डोलू लागते. दोन मनोरे सारख्या उंचीचे, सारख्या जाडीचे असले की त्यांची लयही जवळजवळ सारखी असते. मधलं छत किंवा पाया एकच असेल तर पहिल्याची थरथर त्या वाटेनं दुसऱ्यापर्यंत पोचते. दुसऱ्याला हा रेटा नेमका त्याच्याच लयीत मिळतो, मग तो हलल्यावाचून कसा राहील? सन १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ ह्युजेन्स आजारी होऊन खोलीत पडून होता. एकाच आधाराला टांगलेली त्याची दोन लंबकाची घड्याळं काही वेळानं आपोआप एका तालात, पण उलट दिशांना डोलू लागतात, हे त्यानं पाहिलं. लंबक मागे-पुढे केले, ताल मोडला, तरी अर्ध्या तासात घड्याळं पुन्हा जुळायची. आधी त्याला हवेचा संशय आला, मग कळलं की तो आधारच केसभर हलतो आणि एकाची खबर दुसऱ्याला देतो. या गोष्टीला साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली.

वर्गात मी खिडकीच्या गजांना आडवी सुतळी बांधायचो आणि तिला सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखे लोटे टांगायचो. एकाला झोका द्यायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. बघता बघता पहिला मंदावत थांबतो आणि सगळा झोका दुसऱ्याकडे जातो. थोड्या वेळानं तो परत पहिल्याकडे येतो. एका लोट्याची दोरी चार बोटं आखूड केली की ही देवघेव मोडते. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून उभा राहिला आणि ओरडला, “सर, हाई ते फरकांडानं शे!” म्हणजे, हे तर फरकांड्याचंच आहे. मी त्याला मनोऱ्यांबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. त्या पोराचं नवल त्या क्षणी कमी झालं की वाढलं?

कारण कळल्यावरच खरे प्रश्न सुचतात. अहमदाबादच्या सिदी बशीर मशिदीचे मनोरेही असेच हलतात. इराणात इस्फहानला चौदाव्या शतकातल्या एका कबरीवरचे मनोरे असेच डोलतात. म्हणजे फरकांडं एकटं नाही, त्याचं गणगोत आहे. खान्देशच्या फारुकी सुलतानांची गुजरातच्या सुलतानांशी सोयरीक होती. मग हे कसब कोणत्या गवंड्यांबरोबर, कोणत्या वाटेनं फिरलं असेल? मनोरा लवचीक ठेवायचा हे त्यांनी ठरवलं होतं की भूकंपात आणि वावटळीत काय टिकतं हे पाहून हात बसला होता? ‘न उलगडलेलं कोडं’ ही ओळ या सगळ्या प्रश्नांवर झाकण ठेवते. शिवाय व्हिडिओ पाहून येणारा माणूस मनोरा पाहायला येत नाही, हलवायला येतो. जुन्या चुन्याच्या सांध्यांना दर हलवण्यात ताण बसतो, हे कुठलाही गवंडी सांगेल.

आता विरोधी बाजूचं जे बळ आहे ते कबूल करतो. पहिला मुद्दा पोटापाण्याचा आहे. खान्देशकडे पर्यटक वळत नाहीत. केळी आणि कापूस सोडून आमचं नाव बाहेर निघत नाही. अशात कुणी चार रंगतदार शब्द वापरून एखाद्या गावाकडे लक्ष वेधत असेल, तर त्याला लंबकाचं गणित ऐकवून गप्प करायचं का? दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. सरकारी पाटीनं जे राखलं नाही ते कथेनं आणि श्रद्धेनं राखलं. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गोमुखातून बारा महिने कढत पाणी येतं. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून ते काढलं, अशी कथा आहे. ती कथा नसती तर तो झरा कुणाच्या पाइपात गेला असता, सांगता येत नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीचं रान देवीच्या नावानंच लोकांच्या मनात पवित्र राहिलं. तिसरा मुद्दा असा की, विज्ञानाच्या नावानं बोलणारे पुष्कळदा स्थानिकांना अडाणी ठरवून बोलतात. अजिंठ्याच्या लेण्यांचा ‘शोध’ १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं लावला, असं आपण शाळेत घोकतो. त्या रानात गुरं चारणाऱ्यांना लेणी ठाऊक नव्हती असं आपण कशावरून मानतो?

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, म्हणजे ‘म्हणून फुगवून सांगितलं तरी चालेल’, तो त्यांतून निघत नाही. उनपदेवची कथा झऱ्याचं काही लपवत नाही. नावातच ‘ऊन’ आहे, पाणी कढत आहे हे ती आधी सांगते आणि मग रामाकडे जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खोलवर भंगलेली आहे. भेगांतून खाली मुरलेलं पाणी तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं, हे सांगितल्यानं एकाही भाविकाचं स्नान बुडत नाही. शहाद्याकडेही उनपदेवच आहे, तेही सातपुड्याच्याच कडेला. एकाच डोंगररांगेच्या पायाशी दोन ठिकाणी ऊन पाणी का, असा विचार मनात आला की भाविकालाही पायाखालची जमीन वेगळी वाटू लागते. कथा आणि कारण एका घरात नांदू शकतात. खोट्या पुराव्याचं तसं नाही, तो खऱ्याला घराबाहेर काढतो. याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत बोलकं उदाहरण आपल्याच सातपुड्यातलं आहे.

रानपिंगळा हा वीतभर उंचीचा, दिवसाही हिंडणारा छोटा घुबड. १८७३ मध्ये त्याची नोंद केली ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. खान्देशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात त्याचे नमुने मिळवले आणि त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघी सात कातडी उरली. त्यातला एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या पक्षीसंग्राहकाचा होता. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो आपण मिळवला, असं त्यानं नोंदवलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर शंका कोण घेणार? पक्षी शोधणारे त्या दिशेनंही वळले. सालिम अलींसारख्यांनी शोध घेतला, तरी तो सापडला नाही. अखेर अमेरिकन अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईनं तपासलं. तेव्हा कळलं की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोट्या चिठ्ठीचा. मांडवीची नोंद बाद झाली आणि शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांवर आला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग यांना उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी.

एका माणसानं आपलं नाव मोठं व्हावं म्हणून एक चिठ्ठी खोटी लिहिली, त्यानं एक आख्खा पक्षी आपल्या नजरेआड राहिला. त्याचं रान तर त्या काळातही तुटतच होतं. तोरणमाळ आणि यावलच्या पट्ट्यात राहणाऱ्या पावरा-भिल्लांना तो पक्षी रोज दिसत असणार, असं मला वाटतं. हरवला होता तो पुस्तकांतून. स्थानिकांच्या ज्ञानाचा मान ठेवायचा म्हणजे हेच, की त्यांना जाऊन विचारायचं. ‘पूर्वजांची गूढ विद्या’ म्हणणारा असं कधी विचारत नाही, कारण त्याला उत्तर नकोच असतं. आणि पर्यटनाचंच बोलायचं तर आज पक्षी पाहणारे लोक देशोदेशींहून या रानपिंगळ्यासाठी सातपुड्यात येतात. त्याच्याबद्दल कसलंही गूढ सांगितलेलं नाही. पाठ कशी, छाती कशी, आवाज कसा, इतकं नेमकं लिहिलेलं आहे, म्हणून ते येतात.

पाटणादेवीचा उल्लेख आलाच आहे. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, आणि माझ्या मते तो खान्देशातला सगळ्यांत थोर दगड आहे. १२०७ सालचा हा लेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ स्थापन केला. (मुक्ताईनगरजवळच्या संगमावर ज्यांचं देऊळ आहे ते योगी चांगदेव वेगळे, लोक नेहमी गल्लत करतात.) लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं जे उत्पन्न राजाकडे जायचं, ते मठाला दिलं असं त्यात आहे. गणिताचा एक ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जावा म्हणून बाजाराची पट्टी लावून देणारं गाव! यापेक्षा मोठं नवल काय हवं? पण मोबाईलवर काय फिरतं? ‘भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला.’ पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातल्या जड वस्तू स्वतःकडे ओढते, असा श्लोक ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात आहे, हे खरं. तो सुंदर श्लोक आहे. पण ती ओढ किती, अंतराबरोबर ती किती घटते, चंद्राच्या फिरण्याशी तिचं नातं काय, हे न्यूटननं सांगितलं, भास्कराचार्यांनी नाही. हा दावा करून आपण त्यांना न्यूटनच्या परीक्षेला बसवतो आणि तिथे दुसऱ्या नंबरावर आणतो.

ज्यात ते पहिले होते ते मात्र राहून जातं. शून्य सोडून एक पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गाला ६१ नं गुणा आणि १ मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आलं पाहिजे. अशी सर्वांत लहान संख्या कोणती? पानांमागून पानं भरली तरी हाताला लागणार नाही, कारण ती आहे २२,६१,५३,९८०. आणि उत्तर येतं तो वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात हे उदाहरण चक्रवाल पद्धतीनं, म्हणजे एकच कृती फिरून फिरून करत, सोडवून दाखवलं. पद्धत आधीच्या गणितींपासून चालत आलेली होती. त्यांच्या हातात ती इतकी घोटीव झाली की हे अजस्र उत्तर थोड्याच पायऱ्यांत निघतं. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्मानं युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून कोडी घातली, त्यात नेमका हाच ६१ होता. आमच्या नववी-दहावीच्या पोरांना हे कळू शकतं, कागदावर गुणाकार मांडून ते पडताळूही शकतात. पडताळता येणारा अभिमान सोडून न पडताळता येणारा अभिमान आपण त्यांना का देतो?

अजिंठ्यात मला या सगळ्याचं उत्तर मिळालं. लेणी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्याच्या हद्दीत असली तरी जळगावकराला ती आपलीच वाटतात, तास-दीड तासाच्या वाटेवरची. १८४४ पासून रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकारी-चित्रकारानं वर्षानुवर्षं तिथं राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिलची कबर आपल्या भुसावळात आहे. पुढे मूळ चित्रं उठून दिसावीत, टिकावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांवर वार्निश फासलं गेलं. १९२० नंतर निजामानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचे लेप दिले. हेतू कुणाचाच वाईट नव्हता, चित्रांवरच्या प्रेमापोटीच हे झालं. काही वर्षं चित्रं झळाळली. मग तो थर पिवळा पडला, तपकिरी झाला, त्यानं धूळ आणि काजळी धरून ठेवली आणि खालचा पांढरा, खालचा निळा दिसेनासा झाला. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे तो थर बोट-बोट जागा धरून उतरवावा लागला.

‘अजिंठ्याच्या रंगांचं रहस्य आजवर कुणाला कळलेलं नाही’ हे वाक्य मी गाइडांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल. रंग ओळखलेले आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, आणि काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती. निळा तेवढा दूरचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द. बाकीचे रंग इथलेच असताना एका निळ्यासाठी व्यापारी हिंदुकुशापलीकडून खडे घेऊन वाघूर नदीच्या घळीपर्यंत आले, हे ऐकल्यावर ‘रहस्य’ हा शब्द किती फिका वाटतो! पण गाइड तो शब्द वापरतो तेव्हा समोरचा माणूस मान डोलावून पुढच्या लेण्याकडे जातो. निळ्याजवळ थांबत नाही.

त्याच पाषाणाचं आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होत गेलेल्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले; पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या गरम पाण्यातून स्फटिक वाढले. जळगावच्या खदानींतला हिरवा ॲपोफिलाइट, गुलाबीसर स्टिल्बाइट जगभरच्या संग्रहालयांत काचेआड आहे, चिठ्ठीवर ‘जळगाव’ असं लिहून. आमच्याकडे तेच दगड सुरुंगात फुटून खडी होतात. नाहीतर ‘ऊर्जा देणारा खडा’ म्हणून विकले जातात. पिकतं तिथं विकत नाही, एवढंच म्हणून हे सोडून देता येणार नाही. जिल्ह्याच्या एकाही शाळेतल्या मुलाला स्टिल्बाइट हातात न घेता दहावी व्हावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

मनोऱ्याकडे परत येतो, कारण तो एकच उरला आहे आणि वेळ थोडा आहे. दोन मनोरे उभे असताना थरथर एकातून दुसऱ्यात कशी जाते हे तिथंच मोजता आलं असतं. ती संधी दुसऱ्याबरोबर मातीत गेली. उरलेल्याचं अजून होऊ शकतं. इमारतींची कंपनं मोजणारी संवेदक यंत्रं आता अभियांत्रिकी महाविद्यालयांत असतात. त्यासाठी मनोरा हलवायला नको, वर चढायलाही नको. उन्हाळ्यात दुपारनंतर उतावळीच्या पात्रावरून वारा सुटतो तेव्हा तो आपणहून हलत असतो, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. यंत्र पायथ्याशी आणि मध्यावर लावून दोन-चार दिवसांची नोंद घेतली तर त्याची लय कळेल. दोन-तीन वर्षांनी पुन्हा घेतली आणि लय मंदावलेली दिसली, तर कुठेतरी सांधा सुटतो आहे हे तो पडण्याआधी कळेल. जळगाव-धुळ्याच्या दोन-चार विद्यार्थ्यांचं एका वर्षाच्या प्रकल्पाचं हे काम आहे, आणि मला ज्यांना ज्यांना विचारता येईल त्यांना मी ते विचारतो आहे.